टार्गा फ्लोरिओ १९७० : साडेतीनशे अश्वशक्तीची गाडी साडेपाचशेच्या गाडीपुढे कशी राहिली?

सीताबर्डीकर

नमस्कार मंडळी. मी नागपुरात यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि जुन्या मोटारशर्यतींविषयी हाती लागेल ते वाचत असतो. गेला महिनाभर सिसिली बेटावरच्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीने डोक्यात ठाण मांडले आहे. विन्चेन्झो फ्लोरिओ यांनी १९०६ साली सुरू केलेली ही शर्यत मादोनिए डोंगरातल्या सार्वजनिक रस्त्यांवर होत असे. ज्या रस्त्याने एरवी शेतकऱ्यांच्या गाड्या, मालट्रक आणि शेळ्यामेंढ्यांचे कळप जात, तोच रस्ता शर्यतीपुरता बंद करून त्यावरून त्या काळातल्या सर्वांत वेगवान गाड्या सोडल्या जात.

छोटी फेरी म्हणून जी ओळखली जाते, तीच ७२ किलोमीटरांची होती. १९७० साली अशा ११ फेऱ्या, म्हणजे एकूण ७९२ किलोमीटर अंतर होते. आपला नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. त्याहून लांब अंतर, बहुतेक सगळे वळणावळणाच्या घाटाचे, आणि विजेत्या जोडीची सरासरी ताशी सुमारे १२० किलोमीटर! समृद्धीच्या सपाट, सरळ रस्त्यावर आपल्याला जी कमाल मर्यादा घालून दिली आहे, ती या लोकांची डोंगरातली सरासरी होती.

माझा प्रश्न असा. त्या वर्षी फेरारीची ५१२ एस ही पाच लिटरची, बारा सिलिंडरची, सुमारे ५५० अश्वशक्तीची गाडी उतरली होती. पोर्शेची ९०८/०३ ही तीन लिटरची, आठ सिलिंडरची, सुमारे ३५० अश्वशक्तीची होती. पहिला क्रमांक जो सिफेर आणि ब्रायन रेडमन यांच्या पोर्शेचा, दुसरा पेद्रो रोद्रिगेझ आणि लिओ किन्नुनेन यांच्या पोर्शेचा, आणि निनो व्हाकारेला आणि इग्नाझिओ जुंती यांची फेरारी तिसरी आली. वसतिगृहातले मित्र म्हणतात की पोर्शे हलकी होती, विषय संपला. पण हलकेपणाचा फायदा नेमका कुठे आणि किती होतो, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की, शेजारी रस्ता वाचून सांगणारा कोणी नसताना एकट्या चालकाने ७२ किलोमीटरांची वळणे लक्षात ठेवली कशी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुने_गॅरेज

तू विद्यार्थी आहेस म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. नागपुरात पस्तीस वर्षे गाड्यांच्या दुरुस्तीचे काम केले आहे, त्यामुळे पुस्तकी उत्तरापेक्षा हाताला जे कळले आहे त्यावरून सांगतो.

आधी तुझ्या प्रश्नातली एक गोष्ट दुरुस्त करू. साडेतीनशे विरुद्ध साडेपाचशे ही तुलना अपुरी आहे. ९०८/०३ चे वजन सुमारे ५४५ किलो होते आणि ५१२ एस चे ८४० किलोंच्या आसपास. अश्वशक्तीला वजनाने भागून पाहा. पोर्शेला दर टनामागे सुमारे ६४० आणि फेरारीला सुमारे ६५० अश्वशक्ती येते. म्हणजे वळणातून बाहेर पडून वेग पकडण्यात दोघी जवळजवळ बरोबरीच्या होत्या. फेरारीची जास्तीची ताकद उपयोगी पडणार ती जिथे हवेचा रोध मोठा होतो तिथे, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बुओनफोर्नेल्लोच्या लांब सरळ पट्ट्यावर. हा पट्टा सुमारे सहा किलोमीटरांचा होता. ७२ मधले सहा गेले, उरलेल्या सहासष्टांत काय होत होते ते पाहा.

तिथे सतत ब्रेक लागत होते. चालत्या गाडीची ऊर्जा ब्रेक उष्णतेत बदलतो, आणि ती ऊर्जा वजनाच्या प्रमाणात असते. त्याच वेगावरून त्याच वेगापर्यंत यायला फेरारीच्या ब्रेकला पोर्शेच्या जवळजवळ दीडपट उष्णता गिळावी लागत होती, आणि ते एकदा नाही, दर फेरीत शेकडो वळणांवर.

ही उष्णता काय करते ते मी स्वतः अनुभवले आहे. ऐन तारुण्यात वडिलांची जुनी गाडी घेऊन चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरत होतो. गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, आत पाच माणसे आणि टपावर सामान. मी गिअर खाली न घेता नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवत राहिलो, ही चूक सर्वस्वी माझी. सातव्या-आठव्या वळणानंतर जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या आतल्या घासणाऱ्या पट्ट्यांचा, वास आला. पेडल पूर्वीसारखेच कडक लागत होते, पण पाय कितीही दाबला तरी गाडी थांबायचे नाव घेईना. कसाबसा दुसरा गिअर टाकला आणि डोंगराच्या बाजूच्या मुरमात गाडी घातली. अर्ध्या तासाने ड्रमवर पाण्याचे चार थेंब टाकले, तर चर्र झाले. दुसऱ्या दिवशी ड्रम काढले तेव्हा लायनर काचेसारखे चकचकीत झाले होते. मला एका उतरणीत हे भोगावे लागले. शर्यतीच्या गाड्यांना डिस्क ब्रेक होते हे खरे, पण त्यांना साडेसहा तास सलग हेच करायचे होते.

टायरचे गणितही असेच आहे. टायरवर दुप्पट भार टाकला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमीच वाढते. त्यामुळे जड गाडीला वळणात त्याच रबराकडून तुलनेने कमी मिळते, शिवाय रबर लवकर तापते आणि झिजते. ज्यांनी नागपूरच्या मे महिन्यात पंक्चर काढली आहेत, त्यांना तापलेले रबर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

आता त्या पोर्शेच्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट. मागच्या इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्स सहसा मागच्या आसाच्याही मागे लटकत असतो. ९०८/०३ मध्ये तो आसाच्या पुढे घेतला होता. त्यामुळे इंजिन पुढे सरकले, चालकही पुढे सरकला, इतका की त्याची पावले पुढच्या आसाच्याही पुढे जात. हातात पाण्याची बादली घेऊन गोल फिरून बघ. बादली अंगाशी धरली तर झटकन वळता येते, हात लांब करून धरली तर वळायला आणि थांबायलाही जोर लागतो. जिथे एक वळण संपायच्या आत उलट दिशेचे दुसरे सुरू होते, तिथे वजन मध्यभागी असणे हा शंभर अश्वशक्तीपेक्षा मोठा लाभ आहे, असे माझे ठाम मत आहे. त्या पुढे आलेल्या पावलांमुळे अपघातात चालकाच्या पायांचे काय होणार, हा विचार मात्र आजही अंगावर काटा आणतो.

आणि हे पोर्शेलाही नीट कळले होते. त्यांच्याकडे त्याच वर्षी ९१७ ही अतिशय ताकदवान गाडी होती. विक एल्फर्डने सरावात ती या रस्त्यावर फिरवून पाहिली, आणि एका फेरीनंतर तो इतका थकला होता की त्याला धरून गाडीबाहेर काढावे लागले. शर्यतीत त्यांनी ९०८/०३ च उतरवल्या.

शाळेतल्या_बाई

वरचे उत्तर वाचून समाधान वाटले. गाड्यांतले मला फारसे कळत नाही, पण प्रश्नाचा दुसरा भाग स्मरणशक्तीचा आहे आणि तो माझ्या जवळचा आहे. शिवाय या शर्यतीचा सर्वांत लाडका चालक, निनो व्हाकारेला, हा पालेर्मोत एका शाळेचा मुख्याध्यापक होता, हे मला कळले तेव्हापासून मी या विषयात गुंतले आहे. लोक त्याला ‘उडता मुख्याध्यापक’ म्हणत. गावोगावच्या भिंतींवर त्याच्या नावाचा जयजयकार रंगवलेला असे. त्याने ही शर्यत १९६५, १९७१ आणि १९७५ अशी तीनदा जिंकली. तो त्याच मातीतला होता, रस्ता त्याच्या घरचा होता. बाहेरून आलेल्या चालकाला चार-आठ दिवसांत जे पाठ करावे लागे, ते याच्या अंगात वर्षानुवर्षे मुरलेले होते.

आता हे पाठ कसे होते, याविषयी. वर्गात मुलाला सतराचा पाढा मध्येच ‘सतरा सक किती’ असा विचारला, तर तो मनात ‘सतरा एके’पासून सुरुवात करतो. पाढा त्याला तुकड्यांनी येत नाही, एका ओळीने पुढची ओळ ओढून आणलेली असते. रस्ताही असाच लक्षात राहत असावा. प्रत्येक वळण पुढच्या वळणाची आठवण करून देते. फरक एवढाच की रस्त्यात खुणा असतात. मी रोज दुचाकीवरून रामटेकहून मनसरला जाते. कुठे खड्डा आहे आणि कोणत्या झाडानंतर गतिरोधक येतो, हे मला कोणी विचारले तर सांगता येणार नाही, पण ते झाड दिसले की हात आपोआप ब्रेकवर जातो.

खुणांचा हा अभ्यास सर्वांत चिकाटीने कोणी केला असेल, तर तो एलिष्का युन्कोवा या चेक महिलेने. १९२८ च्या शर्यतीसाठी तिने तो डोंगरी रस्ता पायी चालून पाहिला आणि वळणागणिक खुणा मनात पक्क्या केल्या. तेव्हा फेरी १०८ किलोमीटरांची होती आणि रस्ता डांबरी नव्हता. बुगाटी गाडी घेऊन ती त्या काळातल्या नामवंत पुरुष चालकांमध्ये उतरली आणि पाचवी आली. मी दरवर्षी आठवीच्या मुलींना तिची गोष्ट सांगते. वर्गातल्या सगळ्या मुलींच्या पाठी तेव्हा बाकावरून सरळ झालेल्या असतात.

वर्धा_रोड

बाईंनी आणि काकांनी उत्तम लिहिले आहे. एक मुद्दा राहिला तो जोडतो, कारण त्यावाचून या शर्यतीचे स्वरूप कळत नाही. चेर्दा गावाजवळच्या फ्लोरिओपोलीपाशी सगळ्या गाड्या एकत्र सुटत नसत. काही सेकंदांच्या अंतराने एकेक गाडी सोडत. त्यामुळे रस्त्यावर जो पुढे दिसतो तो शर्यतीत पुढे असेलच असे नव्हते. चालकाची स्पर्धा घड्याळाशी आणि रस्त्याशी होती, आणि आपण कितवे आहोत हे त्याला फेरी संपवून पिटपाशी, म्हणजे गाड्यांत इंधन भरण्याच्या आणि दुरुस्तीच्या जागेपाशी, आल्यावर कळायचे. तिथून रस्ता काल्ताव्हुतुरोकडे चढायचा, मग कोलेसानोच्या घरांमधून उतरून काम्पोफेलिचेमार्गे समुद्राकाठी यायचा.

अशा शर्यतीत रस्ता लक्षात ठेवण्याची किंमत काय, हे १९६८ साली दिसले. विक एल्फर्ड मूळचा रॅलीचा, म्हणजे साध्या रस्त्यांवर घड्याळाशी होणाऱ्या शर्यतींचा, चालक होता आणि त्याच जानेवारीत त्याने मोंते कार्लो रॅली जिंकली होती. टार्गात पहिल्याच फेरीत चाकाच्या बिघाडामुळे त्याची सुमारे १८ मिनिटे गेली. एवढी वेळ गमावल्यावर कोणीही शर्यत सोडून दिली असती. त्याने आणि उम्बेर्तो मालिओलीने मिळून ते अंतर भरून काढले आणि पोर्शे ९०७ मधून शर्यत जिंकली. हा मालिओली म्हणजे तोच, ज्याने १९५६ साली दीड लिटरची पोर्शे ५५० ए पूर्ण ७२० किलोमीटर एकट्याने चालवून पहिला क्रमांक आणला होता. म्हणजे लहान गाडीचा धडा १९७० चा नाही, त्याच्या बराच आधीचा आहे.

फेरीचा विक्रमही १९७० चाच. किन्नुनेनने ९०८/०३ मध्ये ७२ किलोमीटर ३३ मिनिटे ३६ सेकंदांत पूर्ण केले. सरासरी ताशी १२८ किलोमीटरांहून थोडी अधिक. तो कोणालाही मोडता आला नाही. नागपूरहून वर्ध्याला जायला साधारण तेवढेच अंतर आहे, आणि चौपदरी सपाट रस्त्यावरही आपल्याला सव्वा तास लागतो.

सीताबर्डीकर

काका, बाई, वर्धा रोड, तिघांचेही मनापासून आभार. काकांचे दर टनाचे गणित वाचून मी रात्री वही घेऊन बसलो. चालकाचे ७५ किलो धरून एक गाडी ६२० आणि दुसरी ९१५ किलोंची मानली. ताशी १५० वरून ६० वर येताना पहिलीला सुमारे ४५२ किलोज्यूल आणि दुसरीला सुमारे ६६७ किलोज्यूल ऊर्जा सोडावी लागते. फरक २१५ किलोज्यूलचा. एका फेरीत असे शंभर प्रसंग येतात असे केवळ गणितासाठी गृहीत धरले, तर ११ फेऱ्यांत हा फरक सुमारे २३६ मेगाज्यूल होतो. ३० अंशांचे जवळजवळ ८०० लिटर पाणी उकळीला आणायला एवढी उष्णता लागते. गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आली आणि मी थक्क झालो. हे बरोबर आहे का?

आणि एक उपप्रश्न. हे सगळे फेरारीलाही माहीत असणारच. मग त्यांनी पाच लिटरची गाडी आणलीच का?

जुने_गॅरेज

आकडेमोड बरोबर आहे, पण सगळा भार ब्रेकच्या माथी मारू नकोस. त्यातला काही भाग हवा खाते आणि काही भाग गिअर खाली घेतल्यावर इंजिन खाते. दोन्ही वजा केले तरी टाकीतले पाणी चांगलेच तापते. आणखी एक, तू पेट्रोलचे वजन धरले नाहीस. मोठ्या इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, म्हणून फेरीच्या सुरुवातीला फरक तू काढलास त्याहून थोडा मोठा असणार.

उपप्रश्नाचे उत्तर नियमांत आहे. त्या वेळी प्रोटोटाइप, म्हणजे शर्यतीसाठीच मोजक्या बांधलेल्या, गाड्यांना तीन लिटरची मर्यादा होती आणि किमान २५ गाड्या बांधल्या तर पाच लिटरपर्यंत मुभा होती. ल मांसारख्या ठिकाणी, जिथे लांब सरळ पट्टे आहेत, तिथे पाच लिटरला तोड नव्हती. फेरारीने त्या वर्षी आपला सगळा भर ५१२ वर दिला होता. पोर्शेने मात्र दोन्ही हातात ठेवले होते. वेगवान मैदानांसाठी ९१७, आणि टार्गा व न्युरबर्गरिंगसारख्या वळणांच्या रस्त्यांसाठी मुद्दाम बांधलेली ९०८/०३. एकच पाना सगळ्या नटांना लावायचा नसतो, हे त्यांच्या कारखान्यात कोणीतरी नीट समजून घेतले होते.

वर्धा_रोड

फेरारी शिकली, आणि फार चांगली शिकली. १९७२ पासून सगळ्यांनाच तीन लिटरची मर्यादा आली. त्या वर्षी फेरारीने टार्गाला ३१२ पीबी ही हलकी गाडी एकच पाठवली, आणि आर्तुरो मेर्झारिओच्या जोडीला कोणाला बसवले, तर सान्द्रो मुनारीला! हा लान्चियाचा रॅली चालक, त्याच वर्षीच्या मोंते कार्लो रॅलीचा विजेता. समोर अल्फा रोमिओच्या गाड्या होत्या. शेवटच्या टप्प्यात अल्फाच्या हेल्मुट मार्कोने जिवाच्या आकांताने गाडी हाणली, ३३ मिनिटे ४१ सेकंदांची फेरी काढली, म्हणजे किन्नुनेनच्या विक्रमापासून अवघे पाच सेकंद दूर. सहा तासांहून अधिक चाललेली शर्यत तरीही फेरारीने सुमारे १७ सेकंदांनी जिंकली. आजच्या फॉर्म्युला वनच्या प्रेक्षकांना मार्को माहीत आहे तो रेड बुल संघाचा माजी सल्लागार म्हणून. त्याची ही फेरी त्यांनी आवर्जून वाचावी.

सातपुडा_भ्रमंती

सर्व प्रतिसाद आवडले. एक मनातली इच्छा मांडतो. आपल्याकडे सातपुडा आहे, मेळघाटातले, पचमढीकडचे सुरेख घाट आहेत. एखादा दिवस रस्ता बंद करून अशी शर्यत आपल्या भागात घेता आली तर विदर्भाचे नाव जगात होईल.

शाळेतल्या_बाई

आपली इच्छा प्रामाणिक आहे, हे मला दिसते, तरीही माझा तिला विरोध आहे. मेळघाट हे व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे, तिथे हा विचारही करता येणार नाही. पण जंगल नसते तरी माझे उत्तर हेच राहिले असते. इटलीतच ब्रेशा ते रोम आणि परत, अशी सोळाशे किलोमीटरांची मिल्ले मिलिया शर्यत होत असे. १९५७ साली ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो आणि त्याचा सोबती एडमंड नेल्सन तर गेलेच, पण रस्त्याच्या कडेला उभे असलेले नऊ जणही गेले. त्यांतली पाच लहान मुले होती. त्यानंतर ती शर्यत त्या स्वरूपात बंद झाली. टार्गा आणखी वीस वर्षे चालली. १९७३ नंतर ती जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतून बाहेर पडली, आणि १९७७ साली एक गाडी रस्ता सोडून प्रेक्षकांत घुसली, दोन जणांचे प्राण गेले, शर्यत मध्येच थांबवावी लागली. त्यानंतर ते नाव रॅलीकडे गेले.

कोलेसानोची छायाचित्रे पाहिली आहेत मी. माणसे घराच्या उंबऱ्यावर बसलेली असतात, आणि हाताच्या अंतरावरून गाडी जात असते. त्यांचे त्या शर्यतीवर प्रेम होते यात शंका नाही. पण त्या उंबऱ्यावर माझ्या वर्गातली मुले बसलेली मला चालणार नाहीत.

सातपुडा_भ्रमंती

बाई, हा भाग मला माहीत नव्हता. माझी सूचना मी मागे घेतो.

जुने_गॅरेज

बाईंशी मी सहमत आहे. सीताबर्डीकर, तुला एक सुचवतो. वहीतली उष्णता हातात घेऊन पाहायची असेल तर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ये. चिखलदऱ्याच्या त्या उतरणीतले लायनर मी अजून जपून ठेवले आहेत. त्यांच्या शेजारी नवे लायनर ठेवतो, दोन्हींवरून अंगठा फिरवून बघ. एका डिस्क ब्रेकचे कॅलिपरही उघडून दाखवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो.

सीताबर्डीकर

काका, नक्की येतो. वसतिगृहातल्या दोघा मित्रांनाही आणले तर चालेल का? विषय संपला म्हणणारे तेच दोघे आहेत.

जुने_गॅरेज

आण. येताना जुने कपडे घालून या, ड्रममधली काळी भुकटी धुतल्याने जात नाही.